अक्कांचा मेंदू दिलेला नाही

अक्का, तुमच्या शोकसभेच्या फ्लेक्सवर खोटं छापलं होतं.

सभागृहाच्या फाटकाशी दोन बांबूंवर ताणून लावला होता तो. फोटो तुमचा तो, ज्यात तुम्ही चष्मा काढून ठेवलाय आणि त्यामुळे कुणी दुसरीच बाई वाटता. त्याखाली लाल अक्षरांत, 'मरणोत्तर मेंदूदान करून विज्ञानाची ज्योत तेवत ठेवणाऱ्या आदरणीय डॉक्टर अक्का यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. आणि त्याच्याही खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे हसरे फोटो, तुमच्या फोटोपेक्षा किंचितच लहान.

तुम्ही मेंदूदान करणार होता. तसं लिहून दिलं होतं, गावोगावी सांगितलं होतं. पण तुमचा मेंदू तुमच्याबरोबर चितेवर गेला. मी तिथं उभी होते. हे न बोलण्यात सगळ्यांचंच भलं होतं. तुमच्या घरच्यांचं, हॉस्पिटलचं, अगदी तुमच्या कामाचंसुद्धा. एवढं सोयीचं खोटं मला याआधी कुणी हातात दिलं नव्हतं.

जळगावला तुमच्या हॉस्पिटलात मी पहिल्यांदा आले ती आबांना घेऊन, धुळ्याहून एसटीनं. आबा म्हणजे माझे वडील, हे तुम्हाला सांगायला नको. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगायला हवं. धुळ्यात आमच्या वस्तीत त्यांचा लहानसा छापखाना होता. एक ट्रेडल मशीन आणि खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, पेट्या. लग्नपत्रिका छापून घर चालायचं आणि पत्रकं छापून आबा चालायचे. पाण्याच्या टाकीचं पत्रक, शिष्यवृत्तीचं पत्रक, बुवाबाजीविरुद्धचं पत्रक. दोरीवर वाळत घातलेल्या त्या कागदांवरून मी वाचायला शिकले. 'बंधू-भगिनींनो' हा शब्द मला 'आई'च्या आधी वाचता आला, असं आई अजून चिडवते.

आबांचं काहीतरी बिनसलंय हे कळलं ते धुळ्याच्या स्टँडवर. एकाच माणसाला ते पुन्हा पुन्हा तेच पत्रक देत होते. शेवटी तो म्हणाला, "काका, रद्दी जमवायला लावता का आता?" आबा ओशाळले. मग हातातलं एक पत्रक त्यांनी उभ्या उभ्या स्वतःच वाचलं, शेवटपर्यंत, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बरोबर लिहिलंय. कोणी लिहिलं?"

त्यांनीच लिहिलं होतं.

तुमच्याआधी एका डॉक्टरांनी त्यांना घड्याळाचं चित्र काढायला लावलं होतं, शंभरातून सात वजा करायला लावले होते. आबा तिथून अपमान झाल्यासारखे बाहेर आले होते. तुम्ही आधी आमचं आडनाव वाचलंत, मग आम्ही कुठल्या वस्तीत राहतो ते विचारलंत, आणि म्हणालात, "जयंती आधी येते की बुद्धपौर्णिमा?"

"जयंती काय, रोजच असते, बाई," आबा म्हणाले.

तुम्ही मोठ्यानं हसलात. "आणि मिरवणूक कोणत्या महिन्यात निघते?"

आबा पुन्हा काहीतरी गमतीचं बोलले. उत्तर दिलं नाही. तुम्ही त्यांच्याशी तसंच हसत-खेळत बराच वेळ बोललात आणि मग मला बाहेर नेऊन सांगितलंत, "तुझे वडील विनोदानं भोकं बुजवतात. चांगली सवय आहे, बराच काळ पुरेल. पण भोकं आहेत." बरं होईल का, असं मी विचारलं. "नाही," तुम्ही म्हणालात. मला वाटलं होतं तुम्ही पुढे 'पण' म्हणाल.

मला तुमचा राग आला होता. परत जाताना आबा एसटीत म्हणाले, "बाई चांगली आहे. दुकानदाराची वाटते." तेही खरंच होतं. तुमचं घराणं राजस्थानातून आलेलं, जळगावात पिढ्यान्‌पिढ्या कापडाचं दुकान. खेड्यातल्या बायका लुगडी घ्यायला यायच्या, तेव्हा दुकानाच्या गादीवर बसून तुम्ही अहिराणी शिकलात. भावाची घासाघीस ऐकत शिकलेली भाषा होती ती, त्यामुळे तिच्यात प्रश्न विचारणं तुम्हाला छान जमायचं. फक्त कांदा-लसूण खात नव्हता, म्हणून भरीत समोर आलं की तुम्ही भाकरीला मिरची लावून खायचात, आणि गावातल्या बायका एकमेकींकडे बघायच्या. एवढं शिकलेली बाई भरीत खात नाही, हिच्यावर विश्वास ठेवायचा कसा?

मोठ्या शहरातली नोकरी सोडून तुम्ही जळगावात का आलात, असं तुम्हाला आयुष्यभर विचारलं गेलं. शोकसभेतही एकानं 'त्याग' हा शब्द वापरला. तुमचं त्यावरचं उत्तर मला पाठ आहे. "मेंदू काय फक्त मुंबई-पुण्याच्या लोकांना असतो?"

दुसऱ्या भेटीत तुम्ही मला विचारलंत, मी काय करते. पत्रकं लिहिते, म्हटलं. "मग आमचं एक लिहून दे. म्हाताऱ्या माणसांना लागीर झालं, भुतानं धरलं म्हणून कोंडून ठेवू नका, आमच्याकडे आणा, असं." ते मी लिहिलं, आणि मग तुमच्या जीपमध्ये मागच्या सीटवर माझी जागा ठरून गेली.

एरंडोलकडच्या एका गावाच्या रस्त्यावर तुम्ही मला तुमची चूक सांगितलीत. कुणी विचारलं नसताना. बाहेरदेशी तयार झालेली स्मृतीची चाचणी मराठीत आणून तुम्ही गावात नेली होती, सुरुवातीच्या काळात. तिच्यात एक प्रश्न होता, 'आपण आत्ता कितव्या मजल्यावर आहोत?' तिथल्या म्हाताऱ्या तुळसाबाईंनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "पत्रा शे, दुसरं काय?" तो प्रश्न तुम्ही तिथंच काढून टाकलात आणि त्याच्या जागी घरातल्या माणसांची नावं विचारायला लागलात. मुलांची, सुनांची, नवऱ्याचं. सोपा प्रश्न. सगळ्यांना येणारच.

आणि गावातल्या एकजात म्हाताऱ्या गप्प. मुलांची नावं धडाधड सांगायच्या, नवऱ्याचं विचारलं की पदर ओढून खाली बघायच्या. तुमची माणसं कागदावर शून्य लिहीत गेली. त्या कागदांवरून तुम्ही हिशेब मांडलात की या भागातल्या बायकांमध्ये विसरण्याचा आजार फार आहे, आणि तसं एका परिषदेत वाचूनही दाखवलंत. पुढच्या फेरीला तुळसाबाईंना पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्या भडकल्या. "मी काय येडी शे का, असं नाव घ्याले?"

मग त्यांनी नाव घेतलं, जसं घ्यायचं तसं.

"कपाशीच्या बोंडात सरकी बसली गुपचूप, तुकारामरावांचं नाव घेते, डॉक्टरीणबाई आता बसा चूप."

अख्खं अंगण हसलं म्हणे. तुकारामनाना लाजून गोठ्यात गेले. तुम्ही मात्र त्या संध्याकाळी जेवला नाहीत. पुढच्या परिषदेत उभं राहून तुम्ही सांगितलंत की आमचे आकडे फेकून द्या, चूक आमची होती. आणि ज्या ज्या घरी 'तुमच्या आईला आजार आहे' असं सांगितलं होतं, त्या प्रत्येक घरी पुन्हा गेलात. "आमचा कागद येडा होता," असं म्हणत. तुमच्यावर हसले लोक. मोठे डॉक्टरही हसले.

मी तुम्हाला म्हटलं होतं, "अक्का, हे सांगत कशाला बसलात? उद्या कुणी तुमच्यावर उलटवेल."

"उलटवू दे की."

"पण काम बंद पडेल."

"चुकीच्या आकड्यांवर चालू राहण्यापेक्षा बरं."

तेव्हाच आपलं भांडण सुरू झालं, अक्का, आणि ते संपलेलं नाही. तुम्ही मेलात म्हणून मी ते सोडून देणार नाहीये.

फवारणीचं घ्या. कपाशीवर आयुष्यभर पंप पाठीला लावून फवारणी केलेले लोक तुमच्याकडे यायचे. हात थरथरणारे, पाऊल अडकणारे, चेहरा लाकडासारखा झालेले. कंपवात. तोंडाला रुमालसुद्धा न बांधता औषध मारलेली माणसं. मी पत्रक लिहून आणलं, 'फवारणीच्या विषाने कंपवात होतो, कंपन्यांनो जाब द्या'. तुम्ही वाचलंत, चष्मा डोक्यावर सरकवलात.

"'होतो' असं कसं लिहिलंस?"

"मग काय लिहू?"

"इतर ठिकाणच्या अभ्यासांत संबंध दिसलाय, असं लिही. आपल्या गावांत काय आहे, ते मला अजून माहीत नाही, असंही लिही."

"अक्का, 'माहीत नाही'वर मोर्चा निघत नाही."

"मग मोर्चा नको काढू. प्रश्न विचार."

"आबांनी आयुष्यात एकही पत्रक असं छापलं नाही की ज्यात 'माहीत नाही' लिहिलंय."

"म्हणून तर त्यांची पत्रकं मला आवडतात," तुम्ही म्हणालात, "आणि म्हणूनच माझं नाव तुझ्या पत्रकाखाली नको."

आणि खरोखर तुम्ही कधी नाव दिलं नाहीत. मी लिहायची, तुम्ही तपासायचात, शब्द खाली खेचायचात. 'सिद्ध झाले आहे'चं 'दिसते' व्हायचं, 'दिसते'चं 'शक्यता आहे'. शेवटी मी भांडून माझं तेच छापायची, आणि खाली फक्त माझं नाव असायचं. तुम्ही ती पत्रकं तुमच्या तपासणीच्या खोलीत ठेवायचात मात्र. वर पेनानं दुरुस्ती करून. रोग्यांच्या नातेवाइकांना माझा राग आणि तुमची दुरुस्ती दोन्ही एकदम वाचायला मिळायची.

मला अजूनही वाटतं की तुम्ही फार सावध होता. ज्यांच्याकडे ताकद आहे ते कधीच 'शक्यता आहे' म्हणत नाहीत. ते सरळ 'नाही' म्हणतात, आणि त्यांच्या 'नाही'समोर तुमचं 'बहुधा' उघडं पडतं. मी हे तुमच्या तोंडावर म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "त्यांच्यासारखं बोलून मला त्यांच्याशी लढता येत नाही. मला फक्त माहीत करून घेऊन लढता येतं. आणि माहीत करून घ्यायचं तर मेंदू लागतात."

मेंदू. तिथंच सगळं येऊन थांबायचं. जिवंतपणी डोक्याचे फोटो काढता येतात, रक्त तपासता येतं, पण या आजारांत आत नेमकं काय झालं होतं हे पक्कं कळायला माणूस गेल्यावर मेंदू उघडून बघावा लागतो, आणि तोही लवकर, उशीर झाला की उपयोग नसतो. म्हणजे घरात रडारड चालू असताना जाऊन मागायचा. आपल्याकडे कोण देणार?

तुळसाबाईंनी दिला. म्हणजे तुकारामनानांनी दिला.

आपण एकदा असेच त्यांच्या अंगणात बसलो होतो. तुळसाबाई बाजेवर होत्या. एकदम खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ए तुकाराम, पानी लई ये." सुना खोखो हसल्या. नाना म्हणाले, "म्हातारपणी लाज सोडी दिधी इने." मीही हसले. तुम्ही हसला नाहीत. पाण्याचा तांब्या येईपर्यंत तुम्ही तुळसाबाईंच्या तोंडाकडे बघत होता. गाडीत बसल्यावर म्हणालात, "सुरू झालं."

ज्या गप्प बसण्याला तुम्ही एकदा चुकून आजार समजला होता, ते गप्प बसणं संपलं तेव्हा खरा आजार आला होता. हे कुठल्याही परदेशी चाचणीत सापडलं नसतं. ते तुम्हाला सापडलं, कारण तुम्ही आधी चुकला होता आणि ती चूक लपवली नव्हती. एवढं मी मान्य करते.

पुढची वर्षं तुळसाबाई हळूहळू सुटत गेल्या. चिडायच्या, उघड्या अंगानं फिरायच्या, मग बोलणंच गेलं. नानांनी त्यांना कधी कोंडलं नाही. गावात बाकीच्या घरांनी काय काय केलं असतं, ते आपण दोघींनी पाहिलंय. त्या गेल्या तेव्हा तुम्ही दारात जाऊन उभ्या राहिलात आणि मागितलंत. मुलं अंगावर आली. नाना खांबाला टेकून बसले होते. त्यांनी एकच विचारलं, तुमच्या स्वतःच्या मेंदूचं.

"अक्का, तुम्ही तुमना देशात का?"

"लिखी देयेल शे, नाना," तुम्ही म्हणालात. "आजारी मेंदूशेजारी ठेवून बघायला एक धडधाकट मेंदू लागतो. माझा धडधाकट आहे की नाही, तेही कळेल मग."

नाना उठले आणि मुलांना म्हणाले, बाजूला व्हा.

आबांनीही सही केली, त्यांना सही जमत होती तोवर. तुमच्यासमोर, आईसमोर. "छपाई झाली की खिळे सुटे करून पेटीत टाकतात," ते तुम्हाला म्हणाले, "पुढच्या कामाला लागतात. घ्या." त्यानंतर ज्या ज्या गावात तुम्ही मागायला गेलात, तिथं नाना स्वतः यायचे. एवढंच सांगायचे की मी बायकोचा दिला, आणि अक्का स्वतःचा देणार आहेत. तुमचा शब्द त्यांनी स्वतःच्या खिशात घालून गावोगाव फिरवला.

तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी धुळ्यात होते. सकाळच्या चहानंतर छातीत कळ आली आणि संपलं, एवढंच फोनवर कळलं. एसटीत पारोळा मागे पडलं, एरंडोल मागे पडलं, आणि मी एकच हिशेब करत होते, वेळेत पोचू का. मी पोचले तेव्हा मेडिकल कॉलेजचे डॉक्टर बर्फाची पेटी घेऊन तुमच्या अंगणात उभे होते. कुणी त्यांना आत घेत नव्हतं.

तुमचे थोरले भाऊ, भाईसा, दाराच्या उंबऱ्यावर बसले होते. मी तुमचा संमतीचा कागद दाखवला. त्यांनी तो वाचला, घडी करून परत दिला.

"ही तिची सही आहे. पण मला ती कधी बोलली नाही."

"भाईसा, त्यांनी किती लोकांच्या दारात उभं राहून हेच मागितलंय."

"तिनं मागितलं. मी नाही मागितलं."

"उशीर झाला तर उपयोग होणार नाही."

"मुली," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी खाली आला, "आई गेली तेव्हा ती एवढीशी होती. तिच्या डोक्याला तेल मी लावायचो. शाळेत जायच्या आधी, रोज. त्या डोक्याला करवत लावू द्यायची? मी जिवंत असताना?"

मी तरीही बोलत राहिले. तुळसाबाईंचं सांगितलं, नानांचं सांगितलं, तुम्ही त्यांना दिलेल्या शब्दाचं सांगितलं. मी हात जोडले नाहीत, भांडले. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तू कोण?"

"मी पत्रकं लिहिते."

"मग लिही. भावानं दिला नाही म्हणून लिही. माझ्या नावानं लिही. पण मी नाही देणार."

कागदावर माणसानं कितीही लिहून ठेवलेलं असलं, तरी घरच्यांनी नाही म्हटलं की कुणी हात लावत नाही. बर्फाची पेटी रिकामी परत गेली.

स्मशानात नाना आले होते. एरंडोलहून कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून, पांढरी टोपी घालून. चिता पेटल्यावर माझ्याजवळ आले.

"अक्काना मेंदू दिन्हा का?"

"नाही, नाना."

ते ज्वाळांकडे वळले.

"मंग लोकेसले काय सांगू मी?"

अक्का, या प्रश्नानं मला झोप नाही. आणि माझा राग भाईसांवर नाही. तुमच्यावर आहे. तुम्ही अख्ख्या खान्देशाला विचारलंत आणि भाईसांना विचारलं नाहीत. आमच्या आईला समोर बसवून आबांची सही घेतलीत. नानांच्या मुलांच्या शिव्या खाल्ल्यात. प्रत्येक घरी सांगितलंत की कागदाला अर्थ नाही, घरातल्यांशी बोला. आणि स्वतःच्या घरात, ज्या माणसानं तुमच्या डोक्याला तेल लावलं, त्याच्यासमोर तुमची जीभ उचलली नाही? थोरल्या भावासमोर मरणाचं बोलायचं नसतं, म्हणून? तुळसाबाई नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या, ते तुम्हाला उशिरा का होईना कळलं. तुमच्याही तोंडात असं एक न घेतलेलं नाव होतं, ते कुणाला कळणार होतं? तुमच्यासाठी चाचणी कोण तयार करणार होतं?

जिवंत असता तर मी हे तोंडावर म्हटलं असतं. तुम्ही चष्मा डोक्यावर सरकवून म्हणाला असता, "मुद्दा बरोबर आहे. शेवटचं वाक्य काढून टाक."

ते काढत नाही.

मग फ्लेक्स आला. हॉस्पिटलच्या लोकांनी आधीच छापायला दिला होता, तुमचा कागद त्यांना माहीत होता, पुढचं माहीत नव्हतं. कळल्यावर त्यांच्यातला एक मला म्हणाला, "आता राहू द्या ना. उलट लोकांना प्रेरणा मिळेल. अक्कांचंच काम पुढं जाईल." संध्याकाळी भाईसांचा फोन आला.

"बेटा, ते फ्लेक्सवर लिहिलंय, ते राहू दे. लोकांना बरं वाटतंय. तिचीही तीच इच्छा होती ना?"

"हो."

"मग झालं."

"भाईसा, तुम्हीच म्हणाला होता, लिही."

मग ते म्हणाले, "रागात म्हणालो होतो."

"मी तुमचं नाव लिहिणार नाही. पण दिला असं लिहू देणार नाही."

त्यांनी फोन ठेवला. मी त्या खोट्याचा किती विचार केला, तुम्हाला सांगते. फाटकावर ते झळकत होतं. नानांचा प्रश्न सुटत होता, भाईसांची अडचण सुटत होती, आणि येत्या वर्षात किती घरांनी त्या फ्लेक्सकडे बघून हो म्हटलं असतं. मी आयुष्यभर जशी पत्रकं लिहिली, तसं ठणठणीत पत्रक होतं ते. त्यात एकही 'माहीत नाही' नव्हतं. फक्त ते खरं नव्हतं.

सभेच्या दिवशी मी फाटकात, फ्लेक्सच्या बरोबर खाली उभी राहून हे वाटलं :

*अक्कांचा मेंदू दिलेला नाही. वर फ्लेक्सवर छापलंय ते चूक आहे. अक्कांनी लिहून दिलं होतं, पण घरच्यांशी बोलायचं त्यांच्याकडून राहून गेलं. दुःखात घरच्यांनी नाही म्हटलं. तो त्यांचा हक्क होता.*

*माणसं विसरायला का लागतात? पुरतं माहीत नाही. औषधानं बरी होतात का? नाही. काही त्रास कमी होतो. फवारणीमुळे कंपवात होतो का? इतर ठिकाणच्या अभ्यासांत संबंध दिसतो. आपल्या गावांत काय, ते अजून माहीत नाही. ते शोधू न देणं कुणाच्या फायद्याचं आहे, हा प्रश्न आम्ही विचारत राहणार.*

*माहीत करून घ्यायचं तर मेंदू लागतात, आजारीही आणि धडधाकटही. अक्का गेल्या तरी आम्ही तुमच्या दारात येणार आहोत. नाही म्हणायचं तर नाही म्हणा. पण आज रात्री जेवताना घरात बोला. मी माझ्या स्वतःच्या मेंदूबद्दल बोलले. आई रडली, ताट सरकवलं, आणि मग हो म्हणाली.*

काही लोकांनी ते वाचून माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तुमच्या तेराव्याला मिठाई वाटत होते. एकानं हातातला कागद चुरगळून टाकला आणि म्हणाला, "मेलेल्या बाईला तरी सोडा." भाईसा आले. त्यांनी हात पुढे केला, मी पत्रक दिलं. तिथंच उभं राहून वाचलं त्यांनी, खालपासून पुन्हा वरपर्यंत, स्वतःचं नाव शोधत असावेत. मग ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवून आत गेले. मी त्यातून काही अर्थ काढत नाही. तुम्ही काढू दिला नसता.

नाना म्हणाले, "वाची दखाड." मी वाचून दाखवलं. 'दिलेला नाही' आलं तेव्हा त्यांनी मान हलवली, 'येणार आहोत' आलं तेव्हाही. मग गावभर वाटायला सगळा गठ्ठाच मागितला. "बठ्ठा गावमा वाटसू," म्हणाले, आणि एक प्रत तेवढी वेगळी काढून, घडी करून टोपीत ठेवली आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली. का, ते त्यांनाच माहीत.

घरी आले तेव्हा आबा बाजेवर बसले होते. आता ते मला बहुतेक वेळा मशीनवर कामाला असलेली मुलगी समजतात. पिशवीत राहिलेलं एक पत्रक मी त्यांच्या हातात दिलं. अजून वाचता येतं त्यांना. बोट फिरवत, सावकाश, शेवटपर्यंत वाचलं.

"बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. "कोणी लिहिलं?"

"अक्कांनी," मी म्हटलं. "आणि मी."

त्यांनी कागद उलटा करून पाहिला. जुन्या छापखानेवाल्याची सवय.

"मग खाली एकच नाव कसं?"

"त्यांना विचारलं नाही, आबा."

"विचारायला पाहिजे होतं," ते जरा रागानंच म्हणाले. "न विचारता कुणाचं नाव टाकायचं नाही. जा, विचार."

म्हणून विचारतेय, अक्का. यात 'माहीत नाही' आहे, तुमची चूक आहे, आणि सगळं खरं आहे. दुसरी आवृत्ती काढायची आहे. तुमचं नाव टाकू का?